यंत्राचे पाय, खुर्चीचे हात

३ नोव्हेंबर
दुपारी वसईला पोचले. कपड्यांच्या बॅगेपेक्षा टाइल्स, लॅमिनेट आणि कापडांच्या नमुन्यांची पेटीच जड निघाली, रिक्षावाला हसला. नाशिकच्या ऑफिसात चार वर्षं मी दुसऱ्यांच्या आराखड्यांत पडद्यांचे रंग भरत होते. आता पहिल्यांदाच आख्खं घर माझ्या हाती! आणि घर तरी किती गोड. बैठं, कौलारू, पुढे लांब ओटा, मागे विहीर आणि केळी.

मालक ग्लेन आणि त्याची बायको मेलिसा दुबईत असतात. नाताळला येतील तोवर सगळं तयार हवं, म्हणून मी मागच्या खोलीतच मुक्काम ठोकलाय. काय हवं ते मेलिसाने व्हिडिओ कॉलवर एका वाक्यात सांगितलं: विंटेज पाहिजे, पण जुनं दिसता कामा नये. मी हसले. ती हसली नाही.

५ नोव्हेंबर
सामानाची यादी केली. इथे ग्लेनची आत्या फिलोमिना एकटी राहायची. वय एक्क्याऐंशी. लग्न केलं नाही, आईवडिलांचं आणि नंतर भावाचं दुखणं काढलं, गावातल्या मुलींना चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी पांढरे झगे शिवले. जूनमध्ये ग्लेनने तिला सिस्टरांच्या आश्रमात ठेवलं. घर रिकामं हवं होतं, असं तो अगदी सहज म्हणाला. आश्रमात त्याने माझा नंबर दिलाय, काही लागलं तर. दुबईला फोन करणं त्यांना अवघड जातं म्हणे.

दोन वस्तू मात्र अप्रतिम आहेत. एक शिवणयंत्र, ओतीव लोखंडाच्या नक्षीदार पायांचं. दुसरी सागवानी आरामखुर्ची, चांगल्या वीतभर रुंद हातांची. यंत्राच्या पायांवर पांढरा संगमरवर ठेवून वॉशबेसिन करायचं. मेलिसाला चित्र पाठवलं, तिने लगेच तीन हृदयं पाठवली.

८ नोव्हेंबर
हिरामणदादा इथलेच सुतार, साठीचे. यंत्राजवळ बराच वेळ उकिडवे बसून राहिले. आत्याबाई आता शिवत नाहीत का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. मग त्यांनी बोल्टांना तेल सोडलं आणि अकराच्या सुमारास पाय मोकळे केले. वरचा भाग पडवीत ठेवलाय.

९ नोव्हेंबर
आश्रमातून सिस्टर सँड्रांचा फोन. काल अकरा वाजता चॅपेलमधून बाहेर येताना आत्याचे दोन्ही पाय अचानक गेले. पडली नाही, नुसती खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. एक्स-रेत काही निघालं नाही. ग्लेनला कळवलं. तो म्हणाला, वय झालंय.

१२ नोव्हेंबर
बेसिन बसलं. फोटो टाकला, खाली लिहिलं: आत्याच्या आठवणी, नव्या रूपात. संध्याकाळपर्यंत अकरा हजार लोकांना आवडला. गृहसजावटीच्या एका मासिकाच्या संपादकबाईंनी स्वतः मेसेज केला, जानेवारीच्या अंकात घेणार आहेत. वीस तारखेच्या आत बैठकीच्या खोलीचे फोटो हवेत. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली.

१३ नोव्हेंबर
राहवलं नाही म्हणून आश्रमात जाऊन आले. आत्या बारीक चणीची, केस अजून काळे. मी घराचं काम बघते एवढंच सांगितलं. ग्लेनबद्दल तिने काही विचारलं नाही. यंत्रावर कापड झाकलंय ना, एवढंच विचारलं, दमट हवेने गंज चढतो म्हणाली. मी हो म्हटलं.

मग पायांविषयी तिनेच सांगितलं. दुखलं अजिबात नाही. "कोणीतरी बोल्ट खोलावा ना, तसं झालं बघ. कर्रकर्र, आणि मग मोकळं."

परतताना रिक्षात स्वतःला समजावलं. जन्मभर यंत्रावर बसलेली बाई अशीच बोलणार.

१७ नोव्हेंबर
खुर्ची नव्या सोफ्याशेजारी बसत नाही, हात फार लांब आहेत. आराखड्यात ते कापून दाराजवळ आडवे लावलेत, पिशव्या आणि किल्ल्या अडकवायला. हिरामणदादांनी नकार दिला. त्यांच्या बायकोला चर्चजवळच्या बाजारात आत्याच्या पायांचं कळलं होतं. "ताई, पाय काढले तवा माझ्या मनात पन काय नव्हतं. आता हात कापायला नका सांगू." करवत तेवढी ठेवून जा म्हटलं. ठेवली, आणि माझ्याकडे न बघता गेले.

हात मीच कापले. घड्याळ बघून. चार वाजून वीस मिनिटं. घड्याळ का बघितलं ते मला माहीत आहे.

चार पंचविसाला फोन वाजला. उचलला नाही.

१८ नोव्हेंबर
सकाळी मीच सिस्टरांना फोन केला. काल चारच्या चहाचा कप धरलेला असतानाच आत्याचे हात गेले. खांद्यापासून. आता भरवावं लागतं.

फोटो उत्तम आले. संपादकबाई खूश.

२० नोव्हेंबर
ग्लेनशी बोलले. यंत्राचं नाही सांगितलं, फक्त आत्याची तब्येत सांगितली. तो म्हणाला, एका अर्थी बरंच झालं, आता घरी यायचं म्हणून रोज सिस्टरांचं डोकं खाणार नाही. मागून मेलिसा बाथरूमच्या टाइल्सचा रंग विचारत होती.

मला त्याचा राग आला. मग आठवलं, करवत त्याच्या हातात नव्हती.

सगळं पुन्हा जोडायचं. मासिक गेलं खड्ड्यात.

२१ नोव्हेंबर
हिरामणदादा फोन घेत नाहीत. एकटीनेच केलं. संगमरवर उचलताना फुटला. यंत्राचे पाय वरच्या भागाला लावले. मधली आडवी पट्टी सापडत नाही, भंगारात गेली असेल, तारेने आवळलं. खुर्चीचे हात स्क्रू आणि फेविकॉलने बसवले. घाई केली, पटापट स्क्रू पिळले.

रात्री बाराला सगळं उभं राहिलं.

२२ नोव्हेंबर, सकाळ
सिस्टर सँड्रांचा फोन. आत्या उठून उभी राहिली. चालते. मी रडले, देवाचे आभार मानले.

सिस्टर आभार मानत नव्हत्या. हळू आवाजात म्हणाल्या, गुडघे मागच्या बाजूला वाकतात. हातांचे तळवे उलटे, अंगठे बाहेरच्या अंगाला. स्वतः मात्र हसते आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना दुसरीकडे हलवावं लागलं.

खुर्ची पाहिली. डावा हात उजवीकडे बसवलाय. यंत्राचे पायही मागचे पुढे.

दहा वाजता
स्क्रू काढले. फेविकॉल सुटत नाही. गरम पाणी ओतलं, पटाशी घातली. लाकूड चिरतंय. चिरलं की तिकडे काय—
थांबवलं.

साडेअकरा
सिस्टरांचा पुन्हा फोन. खाट रिकामी आहे. फाटकाबाहेर रिक्षात बसताना कोणीतरी पाहिलं. घराचा पत्ता तिने नीट सांगितला म्हणे.
मी म्हटलं, तिला अडवा. त्या म्हणाल्या, कोण हात लावणार.

बारा
गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. रिक्षावाला वळून बघायलाही थांबला नाही, तसाच भरधाव गेला.
पावलं येतात. टक — मग घासत — मग टक. यंत्राच्या पायांना तार आवळली, तशीच चाल.
आता खिडकीतून बघणार नाही.

ओट्यावर आली. कडी हलते. उलट्या हातांनी नीट धरता येत नाही तिला, पुन्हा पुन्हा निसटते.
रागावलेली नाही. रागावली असती तर—
हाक मारते आहे. आवाज किती आनंदी. "दार उघड गं बाय. घरी आले मी."

खुर्ची माझ्यासमोर आहे. करवत सांध्यावर ठेवली आहे. कापले तर कडी सोडेल. जाईल, किंवा तिथेच पडेल. कोणी विचारणारही नाही.
पायांच्या वेळी मला माहीत नव्हतं. हातांच्या वेळी माहीत होतं. आता ती दाराशी उभी आहे, आणि मी—