आईची वेढणी

आई,

माझ्या लग्नाची खरेदी चालली होती तेव्हा डोंबिवलीतल्या आपल्या सराफाकडे मी खड्यांच्या एका हारावर अडून बसले होते. तू साड्यांना फॉल-पिको करून पैसे साठवायचीस आणि जमेल त्या गुरुपुष्याला एक वेढणं घ्यायचीस, चोख सोन्याचं साधं वळं, ना नक्षी ना खडा. मला तीच देणार होतीस. "अगं आई, वेढणी काय गळ्यात घालू?" मी सगळ्यांदेखत विचारलं. तू शांतपणे म्हणालीस, "हाराची घडणावळ किती सांगतायत बघ. उद्या मोडायला गेलीस तर ती परत देणारे का कोणी? घालायचं सोनं वेगळं, अडीनडीचं वेगळं." रिक्षात मी तुझ्याकडे पाठ करून बसले. लग्नात मोठ्या जाऊबाई माझ्या गळ्याकडे बघून "बस, एवढंच?" म्हणाल्या तेव्हा तर तुझा इतका राग आला, की पाठवणीला मी रडलेसुद्धा नाही.

तू गेल्यानंतर आम्ही घोडबंदर रोडला घर घेतलं. दोन पगारांच्या भरवशावर कर्ज काढलं आणि ह्यांची कंपनी बंद पडली. हप्ते थकले, बँकेची नोटीस आली. घर जाणार या धास्तीने मला जेवण जाईना. शेवटी तुझी वेढणी घेऊन मी त्याच सराफाकडे जाते. सोबत जाऊबाई आहेत, स्वतःचा हार घेऊन, आम्हाला मदत म्हणून. मनाने मोठी बाई. सराफ आधी खड्यांचं वजन वजा करतो, मग घट धरतो, घडणावळ तर केव्हाच गेलेली. "भाऊ, परत एकदा बघा ना," त्या म्हणतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. मग तो तुझी वेढणी काट्यावर ठेवतो आणि त्या दिवसाचा जवळजवळ पूर्ण भाव सांगतो. "वहिनी, तुमचा हार राहू द्या," म्हणत मी तो त्यांच्या हातात परत ठेवते. पाठवणीचं रडू मला त्या दुकानात आलं, आई. थकलेले सगळे हप्ते भरले, घर राहिलं. आज ज्या खिडकीशी बसून लिहिते आहे ती तुझ्या शिवणयंत्राची कमाई आहे.

ह्यांना पुन्हा नोकरी लागली. आता हप्त्यांची सहा महिन्यांची सोय बँकेत वेगळी ठेवते आणि गुरुपुष्याला वेढणंही घेते. काल मात्र वेढणं घ्यायला गेले आणि मोत्यांच्या कुड्या घेऊन आले. नुसत्या हौसेखातर. घरी कोणी काही विचारलं नाही. तू असतीस तर दारातच विचारलं असतंस, "घडणावळ किती लावली गं?" आणि मी तुला निम्मीच सांगितली असती.