उठ म्हटलं की उठणारा कॉम्प्युटर

सोमवार, ४ मार्च
आज साहेबांना सांगून टाकलं. घरी झोपलेला माझा कॉम्प्युटर मी इथून, ऑफिसातल्या टेबलावरून उठवतो. नेटवर्कवरून सिग्नल गेला की स्वारी हजर. दोन वर्षांत एकदाही दगा नाही. साहेब म्हणाले, शुक्रवारी सगळ्यांसमोर करून दाखवा, जमलं तर ऑफिसची सगळी मशीन तुमच्या ताब्यात. म्हणजे सिस्टीम इन-चार्ज. म्हणजे केबिन. अकरा वर्षं झेरॉक्स मशीनला खेटून नकाशे काढतोय. पाठ शेकून निघाली.

हिची आजपासून नोकरी सुरू, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर. घरी दिवसभर कोणी नाही. बरंच झालं. मशीनला शांतता.

मंगळवार, ५ मार्च, दुपारी १२.१०
सिग्नल पाठवला. उठला नाही.

१२.२५
सात वेळा पाठवला. ढिम्म.

संध्याकाळी
चोर सापडला. रविवारी मशीनने मला न विचारता अपडेट घेतलंय! 'सिग्नल आल्यास जागे व्हा' या सेटिंगपुढची खूण परस्पर गायब. पोटच्या पोरासारखं जपलं, त्यानेच केसाने गळा कापला. खूण पुन्हा केली. ही म्हणाली, ऑफिसात लागेल ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा ना. हिला मुद्दाच कळलेला नाही.

बुधवार, ६ मार्च
पुन्हा ढिम्म. साहेबांनी विचारलं, तयारी कुठवर? म्हटलं, डोळे मिटून करून दाखवतो.

पूर्वी आधी घरी फोन करून हिला सांगायचो, "बघ हं, आता उठवतोय." दोन मिनिटांत उठायचा. आता फोन उचलायला घरी कोणी नाही. तेवढाच एक टप्पा वाचला.

घरी येऊन राउटर बंद-चालू केला, केबल बदलली, सगळ्या सेटिंग पालथ्या घातल्या. जेवताना ही काहीतरी सांगू बघत होती. म्हटलं, शुक्रवारनंतर सांग, आता डोकं ठिकाणावर नाही.

गुरुवार, ७ मार्च, सकाळी ६
संकल्प: अपडेट कायमची बंद.

६.४०
मोबाइल घेऊन बाथरूममध्ये बसलो, तिथून सिग्नल सोडला. बाहेरच्या खोलीत मशीन गाढ झोपेत. बाथरूमची भिंत जाड असावी. ऑफिसातून अशी अडचण येणार नाही.

शुक्रवार, ८ मार्च
टेबलाभोवती सगळं ऑफिस. सिग्नल सोडला. चार मिनिटं सगळे पडद्याकडे बघत राहिले. ढिम्म. मग मी अपडेटने केलेला विश्वासघात सविस्तर समजावला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे घरी जाऊन बटण दाबावं लागणार?"

टेलिफोन ऑपरेटर बाई हसल्या. केबिनमध्ये जुन्या फाइली ठेवायचं ठरलं. मी झेरॉक्सपाशी.

शनिवार, ९ मार्च
अपडेटवाल्या कंपनीला खरमरीत तक्रार लिहायला बसलो होतो. हिने कीबोर्ड हळूच बाजूला सरकवला.

"अहो, तो कधीच उठत नव्हता. तुमचा फोन आला की मी जाऊन बटण दाबायचे. पहिल्या वेळी उठला नाही, तर तुम्ही दोन दिवस धड जेवला नव्हतात."

दोन वर्षं! मी चारचौघांत मिरवत होतो आणि ही इथे बटण दाबत होती. मंगळवारपासून अपडेटच्या नावाने खडे फोडतोय, आणि खरा घात घरच्या माणसाने केला, तोही माझ्या जेवणाच्या काळजीने. रागवावं तरी कसं? तरी रागावलो. तासभर बोललो नाही.

मग राहवेना. विचारलं, निदान एकदा तरी तो आपणहून उठला असेल?

हिने बराच वेळ आठवून पाहिलं. "उठला होता की. मागच्या रविवारी. अपडेट घ्यायला."

मी पान वाढायला सांगितलं.