कोंबडीएवढा शिकारी

सोमवार
आजपासून संग्रहालयात रुजू झाले! खोली लहान, पण खिडकीपाशी सूक्ष्मदर्शक, तोही माझ्या एकटीचा. विभागप्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी एक डबी हातात ठेवली. चिखल चाळून काढलेले इवलेसे दात. डायनासोरचे खरे, पण कोणत्या, ते मी ठरवायचं. घरी लेकीला, चिऊला, सांगितलं तर म्हणाली, माझापण एक हलतोय, तो घेऊन जा. हसून हसून पुरेवाट झाली.

बुधवार
जात नवीच निघाली! दाताची पुढची कड गुळगुळीत, मागच्या कडेला करवतीसारखे दाते, तेही टोकाकडे वाकलेले. असं कुठेच नोंदलेलं नाही. प्राणी असेल कोंबडीएवढा, पण थाट वाघाचा! यांचे दात जन्मभर पडत आणि नवे येत, मॅडम सांगत होत्या. डबी बंद करताना एक दात बोटात रुतला. एवढासा, पण रक्त थांबेना.

शनिवार
हिरड्या शिवशिवतायत. जेवताना समोरचा दात पडला, दुखलंही नाही. नवरा म्हणाला, कॅल्शियम कमी झालं असेल. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात आरसा घातला आणि लगेच काढून घेतला. मोठ्या दवाखान्यात जा म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

मंगळवार
पडलेल्या जागी नवा आला होता. आज तोही पडला. धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पुढची कड गुळगुळीत. मागे दाते —
मॅडमना दाखवला. माझा आहे, हे सांगवेना. त्या तर हरखूनच गेल्या. इतका ताजा नमुना मिळाला कुठे, आणखी आहेत का, विचारत राहिल्या.

गुरुवार
शिजवलेलं पोटात ठरत नाही. चिऊला कुशीत घेतलं. तिच्या मानेचा वास आला. साबणाचा नाही, त्याखालचा — तोंडाला पाणी सुटलं. तिला ढकललं. ती रडत राहिली, मला जवळ घेता येईना.

शुक्रवार
घरी खोलीत स्वतःला कोंडून आतून कडी लावलीय. चिऊला आजीकडे पोचवा, म्हणून ओरडते, पण या दातांतून शब्द फुटत नाहीत. नुसता चिरका आवाज. त्यांना वाटतं, मी रडतेय. तेच लिहून दाराखालून चिठ्ठी सरकवली. नवरा म्हणाला, आधी बाहेर ये, मग बघू.

दुपार
सुतार आलाय. कडी उचकटतायत. चिऊ दाराशी बसून माझी समजूत घालतेय. आई, घाबरू नकोस, मीच पहिली आत येते —
खिडकीला गज. हात बांधावेत, तर एकटीने कसे —
भूक —
कडी निघाली. चिऊ, नको, तू मागे —