सहा नंबरच्या पेटीचे झाकण

३ जून, लातूर
दुपारी शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याचे डोके फोडले. फिजिक्सच्या नोट्स चोरल्याचा संशय. त्याच्याच खोलीतल्या चौघांनी तोंडात टॉवेल कोंबला आणि खाटेच्या पाइपाने मारले. मी मेसचा डबा हातात धरून दारात उभा. आत गेलो नाही. नोट्स नंतर दुसऱ्याच एकाच्या गादीखाली सापडल्या. मारणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "सॉरी म्हणा रे त्याला." त्याला ऐकू येत नव्हते. कानातून रक्त येत होते.

फरशी पुसताना घरमालकीण म्हणाली, "कुलपाची पेटी असती प्रत्येकाला, तर कशाला झालं असतं हे?"

हे वाक्य डोक्यातून जात नाही. आमच्या गल्लीत अकरा खोल्या. एकेका खोलीत चार ते सहा जण. क्लास वाढत आहेत, पोरे वाढत आहेत, कुलूप लावता येईल असे एकाकडेही काही नाही.

४ जून
मी स्वतः असाच मुखेडहून आलो होतो. बारावीला दोनदा बसलो, दोनदा नापास. दुसऱ्या निकालाच्या दिवशी अण्णांनी सायकलच्या ट्यूबने मारले, आईने मध्ये हात घातला तर तिलाही लागले. तेव्हापासून घरी गेलो नाही. 'उद्योग काढतो' असे कळवले आहे. आता काढावाच लागेल.

८ जून, नांदेड
नवउद्योजकांचे प्रशिक्षण, दर शनिवारी. सरांनी फळ्यावर चार कप्पे काढले. काय लागणार, कुठून आणणार, कोण बनवणार, कोण घेणार. म्हणाले, "जो कप्पा नीट भरणार नाही, तोच तुम्हाला बुडवणार."

मी एस.टी.तच भरले. चौथा कप्पा: क्लासचे विद्यार्थी. तिसरा: पत्र्याचे कारागीर रशीदचाचा. पहिला: सपाट पत्रा, रिव्हेट, बिजागऱ्या, कडी-कोयंडा, रंग. दुसरा रिकामा. नवा पत्रा घेतला तर पेटी कोणालाच परवडणार नाही.

१० जून, लातूर
रशीदचाचांशी बोललो. चाळीस वर्षे पत्र्याचे काम. मापपट्टी वापरत नाहीत, वीत लावतात आणि माझ्या पट्टीला बरोबर उतरते. उजव्या हाताचा अंगठा डाव्याच्या दीडपट जाड झाला आहे, कातरीने. दुकानात ते एकटेच. मुलगा पुण्याला गेला तो गेला.

माझा कागद त्यांनी उलटा धरून पाहिला. "इसमें मैं किदर हूँ?"
दाखवले. 'कुशल कारागीर, १.'
"नाव न्हाई लिहिलं?"
"तसा कप्पा नसतो चाचा."
हसले. म्हणाले, "चल, पत्रा आण. पेटी अशी करून देतो की घन घातला तरी उघडणार न्हाई."

१४ जून
निलंग्याकडे गेलो होतो. भूकंपानंतर लोकांना दिलेल्या पत्र्याच्या शेडांची वस्ती. आता पक्की घरे मिळाली, शेड मोडून विकत आहेत. मोडणे म्हणजे लढाईच. नालीदार पत्र्यांवर भंगारवाले तुटून पडले होते. एकाने पत्रा ओढला, दुसऱ्याने सोडला नाही, त्याचा तळहात हाडापर्यंत कापला. तरी डाव्या हाताने धरूनच होता. कुत्री रक्त चाटायला आली.

मी बाजूला उभा राहून पाहिले आणि एक गोष्ट लक्षात आली. नालीदार सगळ्यांना हवा, गोठ्यावर टाकायला. दारे कोणी घेत नव्हते. दाराचा पत्रा सपाट असतो! दोन दारांत तीन पेट्या, काहीही वाया नाही. वहीत आखून पाहिले, बरोबर उतरले.

गोविंदबापू म्हणून एक म्हातारे भेटले, त्यांच्याकडून आठ दारे घेतली. सात इकडची तिकडची. आठवे त्यांच्या भावजयीच्या शेडचे. ते अजून चौकटीला लागलेलेच होते. बापूंनी पहारीने बिजागऱ्या उचकटल्या.
मी विचारले, "घरात कोणी नाही?"
"वहिनी पोरांकडं गेल्यात कारखान्यावर. नवं घर मिळालंय की आता. ह्या पत्र्याचं काय लोणचं घालतेत?"

दुसरा कप्पा भरला: 'भूकंपाचे शेड, रिकामे.'

१७ जून
चाचांशी पहिले भांडण. आठव्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने नावे कोरलेली आहेत. लक्ष्मण. सुमन. गंगू. नामा. शेवटी नुसते 'बाळ'. प्रत्येक नावाखाली कुंकवाचा ठिपका, एकावर एक इतके की बोटाला खरबरीत लागतो.

चाचा कातर खाली ठेवून बसले. "नक्को बालाजी. किसीके नाम है. जाऊन विचारून ये."
मी म्हणालो, जायला-यायला एक दिवस जाईल. गुरुवारी सहा पेट्या द्यायच्या आहेत. रेड ऑक्साइड मारले की काही दिसणार नाही.
"तुला दिसतंय ना आत्ता?"
मी आवाज चढवला. म्हणालो, कारागीर आहात, कापा.

हे मी म्हणालो. लिहून ठेवतो.

त्यांनी कापले. पण माझ्या खुणा सोडून. कातर एकाही नावावरून गेली नाही. पाचही नावे एका झाकणात बसवली, आतल्या अंगाला. त्या झाकणाला रंगही आतून लावला नाही. पत्रा वाया गेला, दोन दारांत दोनच पेट्या. मला एवढा राग आला की मोगरी भिंतीवर फेकली. चाचा उठले, उचलून आणली, कामाला लागले. पेटी नंबर सहा.

२० जून
सहाही पेट्या गेल्या. सहा नंबरची कोपऱ्यावरच्या खोलीतल्या उंच मुलाने घेतली. झाकण उघडून म्हणाला, "ही कोणाची नावं?" मी म्हणालो, "जुना पत्रा आहे." त्याने आत रसायनशास्त्राचे कोष्टक चिकटवले. संध्याकाळपर्यंत आणखी नऊ जणांनी मागितल्या.

आईला पत्र टाकले.

२२ जून, नांदेड
सरांनी माझा आराखडा सर्वांसमोर वाचला. "कच्च्या मालाचा स्रोत बघा. भूकंपाचे रिकामे शेड. याला म्हणतात डोकं." टाळ्या. येताना खिडकीत बसून मी तोच कागद तीनदा वाचला.

२६ जून
दुपारचे साडेतीन. क्रमाने लिहितो, नाहीतर मी पुढे बदलून टाकीन.

दोन भाऊ आले, बापूंच्या त्या भावजयीचे मुलगे. थोरला दिगंबर, धाकटा माणिक. मागे गोविंदबापू, ओठ फुटलेला, एक डोळा मिटलेला. बापूंनी माझ्याकडे बोट केले नाही, नुसते दुकानाकडे केले.

दिगंबर म्हणाला, "दार कुठाय?"
मी म्हणालो, "कोणते?"
त्याने माझ्या गालात दिली. खाली पडलो. माणिक नव्या पेट्या लाथेने उलट्या करून आत बघत होता. सगळ्या कोऱ्या.

"भूकंपात आमच्या देव्हाऱ्यातले पितरांचे चांदीचे टाक ढिगाऱ्यात गेले," दिगंबर म्हणाला. "त्या राती मेलेल्या पाचांचेबी टाक न्हाईत. आई त्या दारालाच कुंकू लावत होती रोज. त्येच आमचे टाक. परत येऊन तीन दिस झाले, तोंडात घास घेतला न्हाई तिनं. कुणी कापलं?"

चाचा माझ्याकडे बघत होते. मी जमिनीवर होतो. तोंडात रक्ताची चव.
"कुणी कापलं रं?"
मी म्हणालो, "चाचांनी."

खोटे नाही. कापले चाचांनीच. मी एवढेच म्हणालो आणि थांबलो.

चाचांनी हातातली कातर खाली ठेवली. माणिकने त्यांचा उजवा हात धरून ऐरणीवर दाबला. दिगंबरने हातोडा उचलला. आमचाच, दीड किलोचा. पहिल्या घावाला आवाज हाडाचा नाही आला, ऐरणीचा आला. दुसऱ्याला हाडाचा. तिसऱ्याला चाचा ओरडले, "या अल्ला, बालाजी!" मला हाक मारली. मी उठलो नाही. पाय होते, उठता आले असते.

तिसऱ्यानंतर दिगंबर स्वतःच थांबला. हातोड्याकडे बघितले, खाली ठेवला, फेकला नाही. माणिक रडत होता.

२७ जून
सरकारी दवाखाना. तीन बोटे आणि अंगठ्याचे मूळ. डॉक्टर म्हणाले, कातर धरता येईलसे वाटत नाही.

बाहेर वीस-पंचवीस जण जमले होते. त्यातले अर्धे चाचांच्या मोहल्ल्यातले. "मारणारे कोण? कोणत्या गावचे? चला, गाड्या काढा." चौकातली दुसरी पोरे पलीकडच्या बाजूला उभी, त्यांच्याही हातात काठ्या. कोणी एकाने दगड उचललेला मी पाहिला.

हवालदाराने व्हरांड्यातच चाचांना विचारले. चाचा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पत्र्याची चवड पडली हातावर. कुणी मारलं न्हाई. घरी जावा सगळे."
हवालदार माझ्याकडे वळला. "तू होतास ना? गालाला काय झालं?"
चाचांनी डोळे मिटले होते.
"चवड पडली," मी म्हणालो. "माझ्याही अंगावर."

दगड खाली पडल्याचा आवाज आला.

३० जून
चाचांच्या घरी गेलो. चाचींनी दार उघडले, चहा दिला, माझ्याकडे पाहिले नाही. कप ठेवून आत गेल्या.

चाचा उशाला टेकून. हात पांढऱ्या गाठोड्यासारखा. म्हणाले, "तुझा कागद आण एकदा. माझ्या कप्प्यात काय लिहिलं होतं?"
"कुशल कारागीर, १."
"आता?"
मी रिकामा कप हातात फिरवला.

मग म्हणाले, "बालाजी, मार खाल्ला त्याचं दुःख न्हाई. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मारला असता. पण त्याला वाटतंय, ज्यानं कापायला लावलं त्याला मारलं. वो गलत हिसाब लेके गया है. झाकण दे आ. अपने हात से. और बोल के आ."
"ते मला मारतील."
"हाव," चाचा म्हणाले. "मारतील."
थोड्या वेळाने म्हणाले, "तुला जायचं नसंल तर न्हाई जाऊ. पन मग इथं येऊ नको."

३ जुलै
उंच मुलाकडे गेलो. म्हणालो, झाकण दे, दुसरी नवी पेटी देतो. तो म्हणाला, "अभ्यास चालू आहे, नंतर या." मी झाकणाला हात घातला. त्याने ढकलले. मी त्याच्या तोंडावर मारले. आजवर मी कोणाला मारले नव्हते. हाताला दात लागले. मग खोलीतल्या पाचांनी मला धरले. "नोट्सचोर!" ओरडत होते. टॉवेल, पाइप, सगळे तेच. दारात एक जण डबा घेऊन उभा होता, बघत.

नोट्स सगळ्या जागेवर आहेत हे पाहिल्यावर सोडले. मी भिंतीला टेकून सांगितले नावे कोणाची ते. उंच मुलाने ओठावरचे रक्त पुसले. मग त्यानेच पकडीने बिजागरीच्या रिव्हेट तोडल्या. कोष्टक ओल्या फडक्याने सोडवले, नावांवर डिंक राहू दिला नाही. म्हणाला, "आधी सांगायचं ना, काका." मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे.

डाव्या बरगडीत श्वास घेताना कळ येते.

५ जुलै, निलंग्याच्या पुढे, वस्ती
सकाळी निघालो. झाकण माझ्या अंथरुणातल्या, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर. एस.टी.त सगळा रस्ता एकच वाक्य म्हणत आलो. कापायला मी सांगितले. कापायला मी सांगितले.

नवी घरे ओळीने, सारखी. त्यांचे घर शोधावे लागले नाही. ओसरीवर म्हातारी बसली होती, मनगट एवढेसे. मी काही बोलायच्या आधीच तिने गाठोड्याकडे हात केला. लुगडे सोडले. नावांवरून बोट फिरवले, एकेक. 'बाळ' वर बोट थांबले.

"पाची हायेत," ती म्हणाली. "कुणाला कातर लागली न्हाई."
"चाचांनी वाचवली," मी म्हणालो. "ज्यांचा हात..."
"ठावं हाय. थोरल्यानं सांगितलं. तवापास्नं त्योबी जेवत न्हाई." मग माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तू कोण?"

वाक्य म्हणालो. एका दमात झाले नाही, पण झाले.

तिने झाकण मांडीवर ओढून घेतले. मग म्हणाली, "मला सांगून काय हुतंय? बस तितं. पोरं येतेत रानातून. त्येंच्या म्होरं सांग." झाकण घेऊन आत गेली.

ओसरीवर बसून लिहीत आहे. वळणावर निलंग्याची एस.टी. उभी आहे. शेवटची नाही, पण यानंतरची कधी ते माहीत नाही. कंडक्टरने हाताने विचारले, येतो का. मी मान हलवली. पुन्हा विचारले. गाडी गेली.

रानाच्या वाटेने दोघे येत आहेत. पुढे दिगंबर. त्याच्या खांद्यावर काहीतरी आहे, लांब. इथून ओळखता येत नाही. त्याने मला पाहिले आहे, कारण थांबला होता आणि आता भरभर येतो आहे.

आतून कुंकवाच्या डबीचे झाकण वाजले. म्हातारीने विचारले, "आले का रं?"

"आले," मी म्हणालो.