बोरीमाईचं शेवटचं कडवं

तुळजापूर
२० मार्च १९६०

चि. सौ. लीला हिस वसंतदादाचे अ. उ. आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा तेवढा कुरकुरतो आणि त्याच्यासोबत तीही.

बातमी अशी की एक मे रोजी नवं राज्य होतंय, त्याचा नळदुर्गचा समारंभ तुमच्या बोरी नदीवरच्या आपल्या ‘बोरीमाई’ गाण्यानं सुरू करायचं ठरलं आहे. तू वहीच्या मागच्या पानावर खरडलेली कविता कुठवर गेली बघ! एक्कावन्न साली मी तिला चाल लावली तेव्हा आमच्या शाळेतल्या नऊ मुली होत्या, त्यातल्या दोन बेसूर. त्रेपन्नला लोहाऱ्यात गायलो. तिथं गाणं संपलं तरी मंडळी आपली बसूनच. टाळ्या कधी वाजवायच्या हेच कुणाला कळेना, कारण तुझी कविता मध्येच थांबल्यासारखी थांबते. म्हणून छप्पन साली शेवटचं कडवं मी पदरचं जोडलं, आणि येरमाळ्याला लोक उठून उभे राहिले. आता गावोगावच्या शाळा ते म्हणतात.

यंदा साठ मुली आणतोय. तू दर वेळी मागं कुठंतरी खांबाआड बसतेस, ते या वेळी चालायचं नाही. सासूबाईंना घेऊन पुढं बस. तुझे सासरे आण्णासाहेब आणि सासूबाई द्वारकाबाई दोघांनाही माझा नमस्कार सांग. पत्र धाडत जा, तुझ्या पत्राशिवाय घर सुनं वाटतं.

तुझा
वसंतदादा

नळदुर्ग
२९ मार्च १९६०

ती. दादांस लीलाचा शि. सा. न. वि. वि. वहिनींना म्हणावं, एरंडाचं पान शेकून गुडघ्याला बांधा आणि दोन दिवस चूल दादांच्या गळ्यात घाला.

दादा, रागावू नका, पण तुमचं पत्र वाचून मला रडू कोसळलं. मायन्यात तुम्ही मला सौ. लिहिता आणि त्याच पत्रात ज्या कडव्याचं कौतुक करता, त्यात मला विधवा करता. आमचे हे अठ्ठेचाळीसच्या आषाढात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या छावणीत निरोप पोचवायला गेले ते परतले नाहीत. रझाकारांनी मारलं म्हणणारे पुष्कळ भेटले, डोळ्यांनी पाहिलं म्हणणारा एकही नाही. मी लिहिलं ते एवढंच होतं:

बोरीमाई, सांग ना गं, गेले कोण्या वाटे?
भाकर झाकून ठेविली, येतील ते पहाटे.

त्याच्यापुढं तुम्ही लावून दिलंत:

नको वाट पाहू माई, रक्त सांडले रानी,
अमर झाला वीर आपला, गाऊ त्याची गाणी.

टाळ्यांसाठी तुम्ही माझा नवरा मारलात, दादा. चार वर्षं मी गिळलं. पण येत्या आषाढात बारा वर्षं भरतात. मामंजी म्हणतात की बारा वर्षं ठावठिकाणा नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावं, असं शास्त्र आहे. मग मी कुंकू पुसायचं. मी पुरावा विचारला, तर म्हणाले की अख्खा जिल्हा त्याला हुतात्मा म्हणून गातोय, लिहिणारा तुझाच भाऊ, आणि आपणच त्याला जिता धरून कसं बसायचं? आई, म्हणजे सासूबाई, यावर चकार शब्द काढत नाहीत. रोज सकाळी ह्यांची भाकर मात्र अजून त्याच झाकून ठेवतात.

एवढी एक गोष्ट करा. मामंजी समोर असतील, त्यांच्यादेखत माझी कविता मी थांबवली तिथंच थांबवा. धाकट्या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली
लीला

तुळजापूर
८ एप्रिल १९६०

चि. सौ. लीला हिस अ. उ. आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी संतापच आला. ज्या कडव्यामुळं लोक मला रस्त्यात थांबवून नमस्कार करतात, तेच तू काढायला सांगतेस! शेवटी वहिनीनं खडसावलं की लीलाताईंचं कुंकू मोठं की तुमच्या टाळ्या.

खरं सांगू? मार्तंडराव गेले असंच मी मनाशी धरून होतो. तुला तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून मुलींकडून सांगवलं. थोरल्या भावाला हे शोभलं नाही. कडवं काढलं आहे. मुलींची तोंडं उतरली, पण तालीम सुरू आहे. पोटभर जेवत जा आणि या वेड्यावर राग धरू नकोस.

तुझा
वसंतदादा

तुळजापूर
२ मे १९६०

चि. सौ. लीला हिस अ. उ. आशीर्वाद. काल मुलींची यष्टी चुकेल म्हणून तुला न भेटताच निघालो. खरं तर तोंड दाखवायची लाज वाटली.

मी शब्द पाळला होता गं. ‘येतील ते पहाटे’वर हात खाली केला, मुली थांबल्या, मैदान चिडीचूप. आणि माझ्या पाठीमागून एका बाईचा चिरका आवाज उठला, नको वाट पाहू माई! आपल्या गाण्याची रीत तुला ठाऊक आहे, एकानं ओळ उचलली की बाकीच्यांनी मागून म्हणायची. सगळं मैदान म्हणू लागलं. मी हातानं नाही नाही करतोय तरी माझ्या मुलीसुद्धा म्हणू लागल्या. वळून पाहीपर्यंत सगळ्यांचीच तोंडं उघडी. आण्णासाहेबांनी कुणी बाई पढवून बसवली असणार, याची मला खात्री आहे. तू म्हणशील तर येऊन जाब विचारतो. उलट टपाली कळव, जिवाला चैन नाही.

तुझा
वसंतदादा

नळदुर्ग
७ मे १९६०

ती. दादांस शि. सा. न. वि. वि. मामंजींना बोल लावू नका. त्या आमच्या आई होत्या.

माझ्या शेजारीच बसल्या होत्या, माझा हात हातात घेऊन. मुली थांबल्या तशी त्यांनी ओळ उचलली. घरी आल्यावर मी त्यांच्याशी भांडले, दादा, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की माझ्या पोटचं लेकरू गेलं, मला ते पहिल्या वर्षीच कळलं व्हतं, पण या घरात मी कधी मोठ्यानं रडले न्हाय, का तर सुनेच्या कुंकवाला अपशकुन नको. भाकर बी तुझ्यासाठीच झाकत व्हते. दरसाल परक्या पोरी त्याच्यासाठी गळा काढतात, तेवढंच माझं रडणं. ते बी तू बंद करायला निघालीस व्हय?

बारा वर्षं मी माझंच दुःख खरं धरून चालले आणि त्यांनी आपलं गिळून मला सांभाळलं. खूप लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मामंजी विधीचा दिवस काढायला बसले आणि कुंकवाचा विषय निघाला. तेव्हा आई आतून बाहेर आल्या. मामंजींसमोर कधी मान वर न करणाऱ्या बाई, पण स्पष्ट म्हणाल्या की माझं लेकरू मला जाळू द्या, तिचा नवरा तिच्यापाशी राहू द्या. मामंजींनी पंचांग मिटलं. नंतर हो म्हणाले.

तेव्हा दादा, कडवं परत घाला. ते आता आईंचं आहे. आषाढात विधी आहे, तुम्ही आणि वहिनी दोघंही या. त्या दिवशी आई पोटभर रडतील, आणि मी कुंकू लावून त्यांच्याजवळ बसणार आहे.

आपली माया अशीच राहो, ही विनंती.

आपली
लीला