दुकानापुढचा निंब

मोताळा

प्रिय कुलदीप,

फोन तू उचलत नाहीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तर रागारागानं सोडूनच गेलास. म्हणून हा कागद. दहावीनंतर मी एवढं सलग काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. कागदाला गॅरेजमधल्या ग्रीसचा वास येईल, तोही चालवून घे.

आधी गावची खबर. आपला झाडांचा रविवारचा कारभार चालू आहे. पाण्याचे कॅन अजून माझ्याच लोडिंग रिक्षातून जातात आणि विमलबाई अजून पुढच्या सीटवर बसून सगळ्यांना शिस्त लावतात. नर्सची नोकरी संपली, पण बाईंचा राउंड काही संपला नाही. धामणगाव बढ्याहून आणलेल्या रोपांपैकी तहसीलकडची करंजं माझ्या डोक्याच्या वर गेलीत. बसस्टँडकडची बकऱ्यांनी खाल्ली. बकऱ्या आमच्याच मोहल्ल्यातल्या, त्यामुळे मीटिंगमध्ये तो विषय निघाला की मी चहा सांगायला उठतो.

आता तुझ्या निंबाचं. फोटो तू पाहिलास हे माहीत आहे, कारण तो पाहूनच तू ग्रुप सोडलास. पानं करपलेली, शेंडा वाळलेला आणि बुडाशी युरियाचे पांढरे दाणे. खाली कोणीतरी लिहिलं होतं की उत्तमरावांनी शेवटी पोराचं झाड मारलंच. त्यावर तू लिहिलंस, आता पायलच्या लग्नालाही येणार नाही. बहिणीच्या लग्नाला! पण मला त्याचं नवल वाटलं नाही. "बोर्ड झाकून राह्यला, गिऱ्हाईक काय झाडाले इचारून येईन दुकानात?" असं म्हणत बापानं पोराशी भर बाजारात भांडण केलं, "हे झाड राहीन, नाही तं तू" म्हणाला, आणि पोरगा बॅग उचलून पुण्याला गेला. आता त्याच बापाच्या कृषी केंद्रापुढे झाड युरियानं जळालं, तर लोक दुसरं काय म्हणतील?

जाब विचारायचं ठरलं आणि मला पुढे घातलं, कारण मी तुमच्या घरी जेवून वाढलो. मी दुपारी गेलो. काका भर उन्हात बादलीनं झाडाला पाणी घालत होते. एक ओतली की आत जाऊन दुसरी. आळं भरून पाणी रस्त्यावर चाललं होतं, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाले, "नौशाद, पाह्य ना, हे धुऊन निघते का? मी त्याले जास्तच देल्लं."

मग थोडं थोडं करून कळलं. तू गेल्यापासून रविवार सोडला तर पाणी तेच देत होते, दुकान उघडायच्या आधी, कोणी पाहत नसताना. होळीच्या सुमाराला झाडाची पानं पिवळी पडून गळायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाशी निंब पानं गाळतोच, हे दुसऱ्या कोणाला त्यांनीच सांगितलं असतं. पण हे तुझं झाड. ते घाबरले आणि हाताशी होता तो युरिया घातला. "पऱ्हाटीले देतो तसाच देल्ला. नाही उठलं, म्हणून अखीन देल्ला." अर्धा तालुका ज्यांना विचारून खत टाकतो, त्या माणसाच्या हातून झाडाला कपाशीचं खत पडावं! दुसरं कोणी असतं तर मी पोट धरून हसलो असतो. तिथं मला रडू आलं.

मी म्हटलं, ग्रुपवर खरं काय ते टाकतो. त्यांनी माझा हात धरला. "नको. लोकाईले म्हणू दे, मारलं म्हणून. पण बाप झाडाले पाणी घालत बसते, हे पोराले नाही समजलं पाह्यजे." माणूस तुझ्याइतकाच हट्टी आहे. बदनामी चालेल, पण मन पाघळलेलं दिसायला नको.

झाडाचा शेंडा गेला. पण खाली खोडाला तांबूस पालवी फुटली आहे, विमलबाई रोज येऊन पेशंट तपासावा तशी तपासतात. आणि दुकानाचा बोर्ड आता बाजूच्या भिंतीवर आहे. पेंटरनं काऊन विचारलं, तर काका म्हणाले, तिकडं वारा लागते बोर्डाले.

काल ते गॅरेजवर आले. गाडीला काही झालेलं नव्हतं, तरी प्लग पाहा म्हणाले. मी प्लग पुसून परत लावला, तरी उठेनात. मग रस्त्याकडे पाहत म्हणाले, "त्या निंबाले आता रोज पाणी द्यावं का दिवसाआड? माह्या अकलेचा मलेच भरोसा नाही राह्यला. ज्यानं लावलं त्याले इचारजो. मी इचारलं म्हणून सांगू नको." कुलदीप, सांगू नको म्हटलेलं मी सांगून टाकलं. हा एवढा एक प्रश्न विचारायला हे सगळं लिहिलं. उत्तर मात्र मला पाठवू नकोस. दुकानाचा मोबाइल त्यांच्या खिशातच असतो, नंबर तोच आहे. सकाळी शटर उघडायच्या आधी फोन कर, ते झाडापाशीच असतात.

तुझाच,
नौशाद