समुद्राकडे पाठ

रविवार, शिरपूर

चीड जात नाही. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघायला गेले होते ना मी! पहाटे निघालो, वाटेत व्याऱ्याला थांबलो ते फक्त मिरच्या घ्यायला. कारण माझ्या जेठांना, म्हणजे थोरले दीर नानांना, किनाऱ्यावरही भरीत पार्टीच हवी. वांगी आणि कपाशीच्या काड्यासुद्धा घरून बांधून नेल्या! तिथल्या वाऱ्यात जाळ टिकेना. नाना ओरडले, "वारा भलता शे. बायास्वन, आडोसाले बसा!"

बसलो मग, मी आणि जाऊबाई, जाळाला आडोसा म्हणून, समुद्राकडे पाठ करून. वांगी भाजली, वाळूनं कचकचणारं भरीत वाढलं, भांडी आवरली, की लगेच "चला, उशीर होतोय." मी नुसती वळलेसुद्धा का नाही?

घरी सासूबाईंनी विचारलं, "कसा होता गं समुद्र?"

"मागे होता," म्हटलं.